तांबी आणि नवस

माझ्या सासूनं पायातल्या वहाणा सोडल्या तेव्हा मला तांबी बसवून आठ महिने झाले होते. ही गोष्ट तिघांनाच ठाऊक होती. मला, नवऱ्याला आणि छावणीच्या दवाखान्यातल्या ज्या बाईडॉक्टरनं ती बसवली तिला. सासूला ठाऊक नव्हती. शहराबाहेरच्या सातारा गावातल्या खंडोबासमोर उभी राहून ती म्हणाली, "देवा, सुनेच्या पोटी लेकरू दे. तवर पायात वहाण घालणार नाय." आम्ही दोघं तिच्या मागं हात जोडून उभे. नवऱ्यानं तर वर "येळकोट येळकोट"ही म्हटलं.

मला तेव्हा हसू आलं होतं. आज स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते, पण तेव्हा हसू आलं होतं हे खरं आहे. खरं तेवढंच लिहायचं ठरवून बसले आहे, तर तेही लिहिते.

तांबी म्हणजे काय हे आता सगळ्यांना माहीत असतं. तेव्हा आमच्या गल्लीत तो शब्द दार लावून बोलायचा होता. मूल नको असेल तर बाईला आतून बसवतात ती. पण आम्हाला मूल नको नव्हतं हो! हवंच होतं. फक्त साडेतीन वर्षांनी हवं होतं. एवढंच तर होतं सगळं.

मी मुळात औषधाच्या गोळ्यांच्या कंपनीतली. चिकलठाण्याला तेव्हा जिकडं बघावं तिकडं नवीन शेड उभं राहत होतं. सोयगावकडच्या, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरांतली पोरं-पोरी शहरात येऊन मुकुंदवाडीत एकेका खोलीत राहायला लागली होती. आमचं लग्नही त्यातलंच. त्याच्या बापानं मेंढरं विकली होती, माझ्याही बापानं विकली होती. तो वाळूजच्या एका कारखान्यात प्रेसवर, मी पॅकिंगला. अंगात पांढरा डगला, डोक्याला टोपी, बेल्टवरून गोळ्यांची पाकिटं यायची ती खोक्यात भरायची. सात महिने झाले की 'ब्रेक' द्यायचे. ब्रेक म्हणजे घरी बसा, मग पुन्हा नव्यानं भरती. म्हणजे कुणी कायम होऊन बसायला नको. ब्रेकनंतर कुणाला परत बोलवायचं ते सुपरवायझर ठरवायचा, आणि तो मेला तोंडाकडं बघायच्या आधी पोटाकडं बघायचा.

माझ्या शेजारी एक बाई भरायची. सहावा महिना होता तिला. डगला ढिला शिवून घेतला होता, जेवणाच्या सुट्टीतही उठायची नाही, कुणाला दिसू नये म्हणून. तिला ब्रेक दिला तो दिलाच. महिन्याभरानं गेटवर येऊन उभी राहिली, वॉचमननं आत सोडलं नाही. त्या दिवशी घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, "मला पक्की नोकरी पाहिजे. लेकरू त्याच्यानंतर."

बारावी झाली होती माझी, तीही सायन्सला. अख्ख्या भावकीत मी एकटीच. नर्सिंगच्या शाळेची जाहिरात आली तशी मी अर्ज केला. ती शाळा ज्या दवाखान्याची होती त्याचं नाव लिहीत नाही. आता तिथं माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली काम करतात, त्यांना कशाला त्रास. लग्न झालेल्यांत मला आणि आणखी एकीलाच घेतलं, आणि घेताना लिहून घेतलं की साडेतीन वर्षांचं ट्रेनिंग संपेपर्यंत दिवस जाऊ देणार नाही, गेले तर नाव कमी करावं. त्या कागदावर नवऱ्याचीही सही लागत होती. त्यानं केली. पेन झटकून, ऐटीत केली.

तो वाईट माणूस नाही. हे वाक्य मी आयुष्यभर म्हणत आले आहे, आणि दर वेळी त्याच्यापुढं एक 'पण' येतो. बायको शिकायला निघाली म्हणून मित्रांना पेढे वाटले त्यानं. पण आईला तांबीचं सांगायचं म्हटलं की त्याचं तोंड शिवल्यासारखं व्हायचं. "सांगतो ना. वेळ आली की मी सांगतो. तू नको सांगू, तिला तुझ्या तोंडून ऐकून राग येईल." मला ते किती समजूतदारपणाचं वाटलं होतं तेव्हा!

मला वसतिगृहात राहणं भाग होतं, फक्त रविवारी सुट्टी. मग नवऱ्याला रांधून घालायला सासू गावाहून आली. मी तिला आत्याबाई म्हणायची. उंच, हाडापेरानं मजबूत बाई. अर्धं आयुष्य मेंढरांमागं चाललेली. ती चालायला लागली की नवरा सायकलवर असून मागं पडायचा. नर्सिंगचं ऐकून आधी तिनं कपाळाला हात लावला. "परक्या बाप्यांचं हगणंमुतणं काढणार व्हय? तुला घरात काय कमी हाय?" दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी वसतिगृहात जायला निघाले तर पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या बांधून ठेवलेल्या. अशी होती ती. राग यायचा तसा आल्या पावली परत जायचा.

पण लेकराचं काही तिच्या डोक्यातून जाईना. लग्नाला तीन वर्षं होत आली होती. गल्लीत कुणाचं डोहाळजेवण असलं की बायका तिला बोलवायच्या, मला नाही. मी रविवारी घरी असले तरी नाही. एकदा शेजारच्या सुनेची ओटी भरायला मी आपण होऊन गेले. तर त्या घरच्या म्हातारीनं माझ्या हातातला नारळ घेतला आणि मला म्हणाली, "तू बस गं बाई बाजूला. दमली असशील दवाखान्यात." किती प्रेमानं म्हणाली! आत्याबाईंनी ते पाहिलं.  पुढच्या रविवारी आम्हाला दोघांना घेऊन त्या खंडोबाला गेल्या आणि तो नवस बोलल्या. जाड टायरच्या वहाणा होत्या त्यांच्या, पायरीवर सोडल्या आणि येताना तिथल्याच एका म्हातारीला देऊन टाकल्या.

त्या दिवशी परत येताना मी नवऱ्याला म्हटलं, "आता सांगा."

"आता? आत्ताच तर बोलली ती देवाला. राहू दे की. म्हातारी माणसं असतात अशी. चार दिवस चालेल आणि विसरेल."

कुठली विसरते! मुकुंदवाडीपासून साताऱ्यापर्यंत दर रविवारी अनवाणी जाणं आणि येणं सुरू झालं. उन्हाळ्यात डांबर पाघळायचं. त्या डांबर चुकवत कडेच्या मातीतून चालायच्या. मीही बरोबर जायची. माझ्या पायात शाळेनं दिलेले काळे बूट.

वसतिगृहात शेजारच्या खाटेवर माझी एक मैत्रीण होती. बौद्ध. विद्यापीठाचं नाव बदलावं की नाही यावरून मराठवाड्यात पहिल्यांदा पेटलं तेव्हा तिच्या गावात त्यांची वस्ती जाळली होती. ती तेव्हा शाळकरी. मग शहरात मावशीकडं वाढली. तिच्या बोलण्यात साखर नावाला नव्हती, पण इंजेक्शन असं द्यायची की पेशंट विचारायचा, दिलं का? तिला मी तांबीचं आणि नवसाचं दोन्ही सांगितलं. ती खूप हसेल असं मला वाटलं होतं.

ती हसली नाही. म्हणाली, "आणि तू गंमत बघत बसलीस व्हय?"

"मी काय करू? सांगितलं तर आत्याबाई ती काढायला लावतील. मग दिवस जातील, मग नाव कमी. मग परत बेल्टवर."

"मग तसं म्हण ना, की भ्याले. नवऱ्याच्या नावावर कशाला ढकलतीस?"

मला तिचा असा राग आला होता की दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. खरं कुणी तोंडावर बोललं की येतो तसला राग.

दुसऱ्या वर्षात आम्हाला लघवीतली साखर तपासायला शिकवली. परीक्षानळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, केशरी होत गेलं तर साखर वाढत गेलेली, आणि विटकरी झालं तर भरपूर. सरावासाठी घरच्या माणसांचे नमुने आणायला सांगितले होते. मी नवऱ्याचा आणला, आत्याबाईंचा आणला. नवऱ्याचं निळं राहिलं. आत्याबाईंचं उकळी फुटायच्या आत विटकरी झालं.

शिकवणाऱ्या सिस्टरनं नळी उजेडात धरली. "कोणाचा नमुना?" मी सांगितलं. ती म्हणाली, "सांभाळ हो. पायाला जपायला सांग." आणि मग वर्गाला वळून तिनं लिहायला सांगितलं. साखरेच्या पेशंटच्या पायाची जाणीव कमी होते, टोचलेलं कळत नाही, जखम भरत नाही, म्हणून साखरेच्या पेशंटनं कधीही अनवाणी चालू नये. 'कधीही' हा शब्द तिनं दोनदा उच्चारला. मी तो वहीत लिहिला. सुवाच्य अक्षरात.

त्या रविवारी नवऱ्याशी माझं खऱ्या अर्थानं पहिलं भांडण झालं. आत्याबाई पाण्याच्या नळावर गेल्या होत्या. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. नळी, रंग, पाय. तो खाटेच्या कडेवर बसून ऐकत होता.

"गोळ्या चालू करू की मग," तो म्हणाला.

"गोळ्या तर करायच्याच. पण पायात वहाण पाहिजे. आणि लेकरू झाल्याशिवाय ती घालणार नाही. आणि लेकरू आपण होऊ देत नाही. आता सांगा, मी काय बोलू?"

"अजून किती राहिलं तुझं?"

"दीड वर्ष."

"दीड वर्ष म्हणजे काय गं. बघता बघता जाईल."

"अहो, पाय जाईल!"

तो एकदम चिडला. "आणि सांगितल्यावर? बायकोच्या नोकरीसाठी पोरानं घराण्याचा वंश थांबवला म्हणेल. भाऊ तोंडावर हसतील माझ्या. कागदावर सही करून आलोय मी, असं सांगू?"

तेव्हा मला कळलं, तो आईला जपत नव्हता. आणि लगेच हेही कळलं की मीही तिला जपत नाही. त्याला भावांच्या हसण्याची भीती, मला बेल्टची भीती. दोघांच्या मध्ये ती बाई चालत होती अनवाणी.

मग मी अर्धवट उपाय सुरू केले. अर्धवट माणसं अर्धवटच उपाय करतात. आधी आत्याबाईंना समजावलं की तुम्हाला साखर आहे, पायाला जपा. त्या म्हणाल्या, "देवाला शब्द दिलाय. देव काय साखर बघत नाय." मग मी म्हटलं, "तुम्ही वहाण घालणार नाही म्हणालात. मोजे घालणार नाही असं कुठं म्हणालात?" त्यांनी बराच विचार केला. मेंढरांच्या सौद्यात मुरलेली बाई, शब्दाची बाजू तिला पटली. नवऱ्याच्या कंपनीतले जाड राखाडी मोजे मी आणले, एकावर एक दोन जोड. नऊवारी लुगडं, कपाळभर कुंकू आणि पायात राखाडी मोजे. गल्लीतली पोरं मागं लागायची. त्याही हसायच्या. दोन रविवार गेल्या तशाच. तिसऱ्या रविवारी ती ओटीवाली म्हातारी म्हणाली, "देवाला फसवती व्हय गं? म्हणून तर फळ लागंना." आत्याबाईंनी तिथंच, रस्त्यात बसून मोजे काढले.

एवढंच उरलं मग, की दर रविवारी मी त्यांचे पाय तपासायचे. परातीत कोमट पाणी, साबण, बोटांच्या बेचक्या, टाचा. त्या पाय लांब करून बसायच्या आणि लाजायच्या. "सुनेच्या हातून पाय धुऊन घ्यायचं नशीब लागतं बाई," असं शेजारणींना सांगायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं आणि तरी मी खाली मान घालून धूत राहायची.

आता त्या रविवारचं सांगते, ज्या रविवारी मी गेले नाही.

शेवटचं वर्ष होतं. बाळंतपणाच्या वॉर्डातली प्रॅक्टिकल परीक्षा सोमवारी होती. मी नवऱ्याला निरोप पाठवला की या रविवारी येत नाही, तुम्ही आईचे पाय बघा. त्यानं बघितले की नाही हे मी कधी विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत आहे. कर्ता मुलगा आईचे पाय परातीत घेऊन बसला असं आमच्यात कुणी ऐकलेलं नाही. आत्याबाई एकट्याच देवाला जाऊन आल्या. तेव्हा रस्त्यांवरून कारखान्यांच्या भंगाराचे ट्रक जायचे, त्यातून लोखंडाचा कीस सांडायचा. लेथवर निघतो तो, गोल गोल वळलेला, पात्याच्या धारेचा. त्यातला एक तुकडा त्यांच्या उजव्या टाचेच्या पुढं आत शिरला. त्यांना कळलंसुद्धा नाही.

सोमवारी माझी परीक्षा झाली. छान झाली. मंगळवारी वाटलं, संध्याकाळी जाऊन येऊ का. पण मैत्रिणींनी परीक्षा संपल्याचा चहा ठेवला होता, राहिले. बुधवारी नामांतराच्या मोर्चावर दगडफेक झाली आणि शहरात कर्फ्यू लागला. वसतिगृहाचं फाटक बंद. वॉर्डात एकामागून एक माणसं येत होती, डोकी फुटलेली, हात मोडलेले. आम्ही सगळ्या सलग ड्युटीवर. माझी मैत्रीण जखमा शिवायच्या टेबलापाशी उभी होती. त्यात तिच्या वस्तीतलेही होते आणि त्यांना मारणारेही असतील. ती कुणाला काही विचारत नव्हती. कापूस उचलायची, पुसायची, पुढचा.

शनिवारी कर्फ्यू दोन तास उठला तेव्हा नवरा आत्याबाईंना रिक्षात घालून घेऊन आला. ताप होता. पाय घोट्यापर्यंत सुजलेला आणि बोटं काळी. वास मी दारातूनच ओळखला. या धंद्यात तो वास एकदा ओळखला की विसरत नाही.

"काय लागलं ते कळलंच नाय बघ," त्या म्हणाल्या. "तू आली असतीस तर तुला दिसलं असतं."

रागानं नाही म्हणाल्या. सहज म्हणाल्या.

डॉक्टरांनी दोन दिवस वाट पाहिली आणि मग गुडघ्याखाली पाय कापला. जखम साफ करायची, पट्टी बांधायची, ते काम माझ्या मैत्रिणीकडं आलं. घरचं माणूस म्हणून मला हात लावू देत नव्हते. सुरुवातीला आत्याबाईंनी तिची जात विचारली होती. हो, विचारली होती, तेही लिहिते. पहिल्या दिवशी तिच्या हातचं पाणी घेतलं नाही, मला हाक मारली. ती पेला ठेवून पट्टी सोडायला लागली. तुटलेल्या पायाचं टोक मांडीवर घेऊन बसायची, दुखू नये म्हणून पट्टी औषधात भिजवून इतकी सावकाश सोडायची की बाकीचे पेशंट ओरडायचे. चौथ्या की पाचव्या दिवशी आत्याबाईंनी आपण होऊन तिच्याकडं पाणी मागितलं.

त्याच दुपारी नवऱ्याचे दोन भाऊ गावाहून आले. खाटेभोवती उभे राहिले. थोरल्यानं विचारलं, "झालं तरी कसं एवढं?"

नवरा म्हणाला, "कर्फ्यूमुळं. वेळेवर आणता आलं नाही. या नामांतरवाल्यांनी शहर बंद पाडलं, आणि आमच्या म्हातारीचा पाय गेला."

"ह्यांच्यापायी दुसऱ्यांनी मरायचं," थोरला म्हणाला. आणखीही बरंच बोलला. ते लिहीत नाही.

माझी मैत्रीण तिथंच होती, कात्री हातात, ट्रे मांडत. ती थांबली आणि तिनं माझ्याकडं बघितलं. भावांकडं नाही, नवऱ्याकडं नाही, माझ्याकडं. तिला सगळं माहीत होतं. तांबी, नवस, मोजे, चुकलेला रविवार, मंगळवारचा चहा. कर्फ्यूच्या तीन दिवस आधी शिरलेला कीस माहीत होता. पाय कापायच्या आधी तो तिनंच चिमट्यानं काढला होता. मी एक वाक्य बोलायचं होतं. "कर्फ्यूमुळं नाही." बस, एवढं. पुढचं नसतं सांगितलं तरी चाललं असतं.

मी आत्याबाईंच्या अंगावरची चादर सारखी केली.

ती ट्रे उचलून गेली. संध्याकाळी वसतिगृहात आले तर तिनं खाट भिंतीच्या पलीकडच्या खोलीत हलवली होती. मी गेले तिच्याकडं. म्हटलं, "चुकलं माझं. तिथं सगळ्यांसमोर मला सुचलंच नाही."

"तुला सुचत नाही असं काही नाही," ती म्हणाली. "तुझं निभतंय तोवर तू गप्प बसतीस. सासूच्या बाबतीत बसलीस, आता माझ्या बाबतीत बसलीस. जा, मला झोपायचंय."

पण पट्टी मात्र ती शेवटच्या दिवसापर्यंत बदलत राहिली. आत्याबाईंना सुट्टी मिळाली तेव्हा त्या तिच्या गालावरून हात फिरवून रडल्या. माझ्याशी ती पुढं कामापुरतं बोलली, आणि पास झाल्यावर दुसऱ्या जिल्ह्यात नेमणूक घेतली. एकदाही पत्र नाही. मीही पाठवलं नाही. काय लिहिणार होते?

मी पास झाले. सरकारी नोकरी लागली, कायम, बाळंतपणाच्या रजेसकट. ज्याच्यासाठी हे सगळं केलं ते सगळं मिळालं. हो, मिळालं की! नेमणुकीचा कागद आला त्याच आठवड्यात मी छावणीत जाऊन तांबी काढून घेतली. एका मिनिटाचं काम. बाईडॉक्टर म्हणाली, "अरे, इतकी वर्षं व्यवस्थित राहिली, काही त्रास नाही झाला ना?" मी म्हटलं, "नाही."

वर्षाच्या आत मुलगी झाली. आत्याबाई कुबड्यांवर खोलीभर नाचल्या म्हटलं तरी चालेल. मुलगी झाली म्हणून नाक मुरडायला आलेल्या बायकांना त्यांनी उभं केलं नाही. "लेकरू मागितलं व्हतं, लेकरू दिलं. देवाशी घासाघीस करायला मी काय बाजारात गेले व्हते?" आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगायला सुरुवात केली. दारात बसायच्या, मुलगी मांडीवर, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला सांगायच्या. देवानं आधी त्यांचं मन बघितलं, चालायला लावलं, मग त्यांच्याकडं पाय मागितला. त्यांनी तो दिला. मग देवानं सुनेची कूस उघडली. पूर्वी ज्या म्हातारीनं माझ्या हातातला नारळ काढून घेतला होता, ती आता आत्याबाईंच्या पाया पडायला यायची. एका पायाच्या. गल्लीत नवी नवरी आली की तिला आधी आमच्या दारात आणायचे.

नवऱ्याला हे फार सोयीचं पडलं. त्याला आता काहीच सांगायचं उरलं नव्हतं. "बघ, खूश आहे ना ती? मग?"

मला सहन होईना. मुलीला बोलता यायला लागलं होतं, आणि ती "आजीनं माझ्यासाठी पाय दिला" असं बोबडं म्हणायला लागली. ते ऐकलं त्या दिवशी मी ठरवलं. दुपारी नवरा कामावर, मुलगी निजलेली. मी आत्याबाईंच्या पुढ्यात बसले आणि सगळं सांगितलं. तांबी कधी बसवली, का बसवली, कागद, सही. त्या विटकरी नळीचं, वहीत लिहिलेल्या त्या वाक्याचं. रविवारचं, मंगळवारच्या चहाचं. देवानं कूस बंद केली नव्हती, मी केली होती, आणि ज्या आठवड्यात उघडायची ठरवली त्या आठवड्यात उघडली, तुमचा पाय त्यात कुठंच लागत नव्हता. एका दमात सांगितलं. मग रडले. खूप हलकं वाटलं मला. लाज वाटते लिहायला, पण फार हलकं वाटलं.

 मी वाट बघत होते. मारतील, शिव्या देतील, निदान रडतील. मला शिव्या हव्या होत्या. त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"पोराला ठावं व्हतं?"

"हो."

"देवासमोर उभा व्हता तवा?"

"हो, आत्याबाई."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "एक पाय डाक्टरनं नेला. आता तो कशासाठी गेला, ते बी तू काढून नेतीस व्हय?"

मी डोळे पुसायला लागले.

"तुला रडून मोकळं व्हायचं व्हतं, झालीस. मी काय करू? उद्यापासून बायांना काय सांगू, की चहा प्यायला बसली व्हती सून?" आवाज चढला नाही त्यांचा. "नाय. हे तू आता परत तोंडातून काढायचं नाय. कुणापुढं नाय. माझ्या नातीपुढं तर मरेस्तवर नाय."

तेवढ्यात दारात कुणीतरी आलं. पलीकडच्या चाळीतली बाई, बरोबर तिची सून, लग्नाला चार वर्षं झालेली, मान खाली. आत्याबाईंनी कुबडी बाजूला सारून त्यांना बसायला जागा केली, लुगडं वर घेऊन गुडघ्याखाली तुटलेला पाय त्या पोरीला दाखवला आणि सांगायला लागल्या. खंडोबापासून सगळं, एक शब्द इकडचा तिकडं न करता. ती पोरगी तोंड उघडं टाकून ऐकत होती. तिनं पायातल्या चपला आधीच दाराबाहेर काढल्या होत्या.

सांगून झाल्यावर आत्याबाई माझ्याकडं वळल्या. डोळे कोरडे ठणठणीत.

"नर्सबाई हाय ही, शिकलेली. तिलाच इचार. सांग गं, खरं हाय का नाय?"

ती पोरगी माझ्याकडं बघत होती.

"व्हय, आत्याबाई," मी म्हणाले. "खरं हाय."